अहिल्याबाईंचा ‘ओरिजिनल फोटो’ कुठे मिळेल?

३१ मे जवळ आला की नगर जिल्ह्यातले फोन एकदम सारखे दिसायला लागतात. व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टा स्टोरी, डीपी, गाडीच्या मागच्या काचेवरचं स्टिकर, सगळीकडे एकच चेहरा. पांढरी साडी, डोक्यावरून घेतलेला पदर, तळहातावर शिवलिंग. कुणाच्या स्टेटसला मागे पिवळा झेंडा असतो, कुणाच्या रीलमध्ये घोडा आणि तलवार. आणि दरवर्षी कुणीतरी ग्रुपवर विचारतंच: यातला ओरिजिनल फोटो कुठला?

सरळ उत्तर आधी देऊ. असा फोटो नाही, आणि असूही शकत नाही. अहिल्याबाई होळकर १३ ऑगस्ट १७९५ रोजी गेल्या. जगातली पहिली टिकलेली छायाचित्रं त्यानंतर तीसेक वर्षांनी फ्रान्समध्ये निघाली आणि फोटोग्राफीचं तंत्र लोकांसमोर आलं ते १८३९ मध्ये. म्हणजे आज फोनवर फिरणारा त्यांचा प्रत्येक चेहरा कुणीतरी घडवलेला आहे: चित्रकाराने, छापखान्याने, सीरियलवाल्यांनी, आणि आता एआयने.

इथपर्यंत ठीक. पण आपण त्या चेहऱ्याकडे बघून नुसतं आदराने हात जोडत नाही. आपण कोण, कुठल्या समाजाचे, कुठल्या गावचे, बाई म्हणून काय करू शकतो, हेही त्या चेहऱ्यावरून ठरवतो. जिल्ह्याचं नावही आता त्यांच्या नावावरून आहे. म्हणून या माणसाचं आयुष्य नेमकं कसं होतं आणि त्यातलं किती आपल्या स्क्रीनपर्यंत पोचलं, हे एकदा नीट बघायला हवं.

चौंडीची मुलगी

चौंडी हे गाव जामखेड तालुक्यात. बीड जिल्ह्याची हद्द जवळ, पाऊस बेताचा, मेंढरं पाळणाऱ्या धनगर समाजाची वस्ती जुनी. इथले पाटील माणकोजी शिंदे. त्यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत तेव्हा नव्हती, पण माणकोजींनी मुलीला लिहा-वाचायला शिकवलं. पुढे या मुलीने अख्ख्या राज्याचे हिशेब स्वतः तपासले.

पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर यांनी प्रवासात चौंडीला मुक्काम असताना देवळात या मुलीला पाहिलं आणि सून म्हणून पसंत केलं, अशी गोष्ट सांगितली जाते. बालवयात, १७३३ मध्ये, त्यांचं लग्न मल्हाररावांचा मुलगा खंडेराव याच्याशी झालं. मल्हारराव स्वतः मेंढपाळ घरातले. लहानपणी मेंढरं राखणारा हा माणूस घोडदळात शिरला आणि माळव्याचा धनी झाला.

मुलगा मालेराव आणि मुलगी मुक्ताबाई ही अहिल्याबाईंची दोन मुलं. १७५४ मध्ये भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जायला निघाल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना थांबवलं. मल्हाररावांना घरात राज्य समजणारं माणूस हवं होतं, आणि ते त्यांनी आधीच ओळखलं होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पोस्टरवर जवळजवळ कधीच येत नाही. मल्हारराव मोहिमेवर असताना सुनेला पत्रं पाठवत. १७६५ च्या एका पत्रात त्यांनी अहिल्याबाईंना चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जायला सांगितलंय. मोठ्या तोफा बरोबर ठेवायच्या, दारूगोळ्याची सोय करायची, वाटेत चौक्या बसवायच्या, अशा सूचना त्यात आहेत. सासऱ्याने सुनेला लिहिलेलं हे पत्र आज वाचलं तर ऑपरेशन्स मॅनेजरला आलेल्या ईमेलसारखं वाटेल.

राज्य हातात घेतलं तो दिवस

२० मे १७६६ ला मल्हारराव गेले. नातू मालेराव गादीवर आला, पण त्याच्या मनाचं संतुलन ढळलेलं होतं. वर्षभराच्या आत, १७६७ मध्ये, तोही गेला. नवरा, सासरा, मुलगा. घरात आता गादीचा वारस उरला नव्हता.

दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचं म्हणणं होतं की एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा. लहान मुलगा गादीवर म्हणजे कारभार दिवाणाच्या हातात, हे अहिल्याबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी नकार दिला. दिवाणाने पेशव्यांचे चुलते राघोबादादांना बोलावलं आणि ते फौज घेऊन निघाले. अहिल्याबाईंनी एका बाजूने लढाईची तयारी केली, हत्तीच्या अंबारीत धनुष्यं आणि बाणांचे भाते बांधून घेतले. दुसऱ्या बाजूने शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याशी संधान बांधलं. राघोबांना त्यांनी कळवल्याचं सांगितलं जातं की बायकांवर चालून येऊन जिंकलात तर कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचीच बाजू घेतली. लढाई झालीच नाही.

आजच्या रीलमधली घोड्यावरची तलवारवाली अहिल्या बहुधा याच प्रसंगातून आली आहे. तयारी खरी होती. पण विजय मिळाला तो पत्रांनी आणि वाटाघाटींनी. पत्रव्यवहाराची रील बनवणं अवघड, म्हणून तलवार आली.

अठ्ठावीस वर्षं, रोज दरबार

अहिल्याबाईंनी नर्मदेकाठच्या महेश्वरला राजधानी केली आणि फौज तुकोजी होळकरांकडे सोपवली. तुकोजी वयाने त्यांच्यापेक्षा थोडे मोठे, तरी त्यांना आई म्हणत. फौज एकाकडे, खजिना आणि मुलकी कारभार दुसरीकडे, अशी ही वाटणी कुरबुरी होऊनही शेवटपर्यंत टिकली.

त्यांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधं शाकाहारी जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळपर्यंत. मग पुन्हा पूजा आणि फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत परत काम. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. तक्रार घेऊन कुणीही थेट समोर उभा राहू शकत असे.

सिरोंजच्या एका श्रीमंत सावकाराची विधवा अशीच तक्रार घेऊन आली. तिला मुलगा दत्तक घ्यायचा होता आणि अधिकारी परवानगीसाठी मोठी रक्कम मागत होता. अहिल्याबाईंनी अधिकाऱ्याला कामावरून काढलं, दत्तकाला मंजुरी दिली, त्या मुलाला मांडीवर घेतलं, कपडे-दागिने देऊन पाठवलं. राज्याला एक पैसा घेतला नाही. वारस नसलेल्या घराची संपत्ती राज्याने गिळायची हा तेव्हाचा नेहमीचा प्रकार. त्या काळात हा निर्णय केवढा मोठा, याचा अंदाज येईल.

डोंगरातल्या भिल्लांचा प्रश्न त्यांनी नुसत्या बंदुकीने सोडवला नाही. त्या वाटेने जाणाऱ्या मालावर छोटासा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला आणि बदल्यात वाट सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ, कलकत्ता, सगळीकडे त्यांचे वकील होते. त्या काळातलं हे बातम्यांचं नेटवर्क होतं, आणि ते महेश्वरच्या एका साध्या वाड्यात येऊन मिळायचं.

बांधकामांची यादी आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली असते. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर, सोमनाथचं मंदिर, गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर, जागोजागी घाट, विहिरी, धर्मशाळा. यातली बरीच ठिकाणं त्यांच्या राज्याच्या बाहेर होती. आणि या दानधर्माचा मोठा भाग राज्याच्या तिजोरीतून नव्हे, तर खासगीतून झाला. खासगी म्हणजे होळकर घराण्यातल्या स्त्रियांच्या नावे वेगळी ठेवलेली मिळकत. ती सासूबाई गौतमाबाईंकडून अहिल्याबाईंकडे आली. राज्याचा पैसा एका खात्यात, स्वतःचा दुसऱ्यात, असा हा हिशेब.

जी गोष्ट स्टेटसला बसत नाही

शेवटची वर्षं कठीण गेली. मुलीचा मुलगा नथोबा गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले, आणि मुक्ताबाई सती जायला निघाल्या.

आईने विनवण्या केल्या. पण जी बाई स्वतः सासऱ्याच्या शब्दावर चितेपासून मागे फिरली होती, तिला मुलीला मागे फिरवता आलं नाही. त्या नर्मदेकाठी चितेपर्यंत चालत गेल्या. ज्वाळा उठल्या तेव्हा दोन माणसांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून ठेवलं होतं. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही आणि कुणाशी बोलल्या नाहीत. मग पुन्हा दरबार सुरू झाला. चार वर्षांनी, सत्तरीत, त्या गेल्या.

ही गोष्ट पोस्टरमध्ये येत नाही, कारण पोस्टरला जिंकलेलं माणूस लागतं. पण कामावर परत जाऊन बसलेली ही आई वगळली तर उरते ती मूर्ती, आणि मूर्तीकडून शिकता येईल असं फार थोडं असतं.

नदीत टाकलेलं पुस्तक

आता मीडियाकडे वळू. अहिल्याबाईंचा स्वतःच्या प्रसिद्धीशी संबंध कसा होता, हे सांगणारा एक प्रसंग आहे. एका विद्वानाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग आपण एवढ्या कौतुकाच्या लायकीच्या नाही असं सांगून तो नर्मदेत टाकायला लावला आणि लेखकाकडे पुन्हा लक्ष दिलं नाही.

नाण्यांचंही तसंच. महेश्वरच्या टांकसाळीतून त्यांच्या काळात निघालेल्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान आहे, आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलम दुसरा याचं. त्या काळी बहुतेक मराठी सरदार बादशहाच्या नावानेच नाणी पाडत. अहिल्याबाईंचा चेहरा त्यावर कुठेच नाही. होळकरांच्या हुकमांवर राज्यकर्त्याच्या नावाऐवजी शंकराची आज्ञा असं येई, ही प्रथाही त्यांच्याशीच जोडली जाते. आजच्या भाषेत, अकाउंट चालवायचं पण डीपी देवाचा ठेवायचा.

आणि आता बघा. ३१ मे २०२५ ला, त्रिशताब्दीच्या निमित्ताने, भोपाळमध्ये तीनशे रुपयांचं स्मारक नाणं प्रकाशित झालं. त्यावर अहिल्याबाईंचा चेहरा आहे. जिने स्वतःच्या नाण्यावर चेहरा दिला नाही, तिचा चेहरा तीनशे वर्षांनी नाण्यावर आला. या दोन नाण्यांच्या मध्ये जे घडलं त्याला मीडियाच्या अभ्यासात प्रतिमानिर्मिती म्हणतात.

चेहरा टप्प्याटप्प्याने कसा घडला

पहिला टप्पा, इंग्रजी पुस्तक. १८१८ मध्ये होळकरांचा इंग्रजांशी तह झाला आणि जॉन माल्कम हा अधिकारी माळव्यात आला. अहिल्याबाईंना जाऊन वीसेक वर्षं झाली होती, पण त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. माल्कमने त्यांना विचारून माहिती जमवली आणि १८२३ मध्ये मध्य भारतावरचं पुस्तक छापलं. दरबाराच्या वेळा, सावकाराच्या विधवेची तक्रार, नदीत टाकलेला ग्रंथ, मुक्ताबाईंची चिता, हे सगळं आज आपल्याला बरंचसं त्याच्यामुळे माहीत आहे. होळकरांच्या जवळच्या माणसांनी वाढवून सांगितलं असेल अशी शंका त्यालाही होती, म्हणून त्याने बाहेरही चौकशी केली. मुलाच्या मृत्यूला आईच जबाबदार होती अशी एक अफवा होती, तीही त्याने तपासून खोटी ठरवली. फॅक्ट-चेक म्हणा हवं तर. तरीही तो नव्या सत्तेचा माणूस होता. जुन्या मराठी राज्यकर्त्यांपैकी कोण चांगलं आणि कोण वाईट हे ठरवण्यात त्याच्या सरकारचा फायदा होता. पुढे १८४९ मध्ये स्कॉटलंडच्या जोआना बेली या कवयित्रीने अहिल्याबाईंवर दीर्घ कविता लिहिली. आणि ती भारतात कधी आलीच नव्हती.

दुसरा टप्पा, छापील चित्र. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रं घरोघरी पोचली. कॅलेंडरं, पाठ्यपुस्तकं, शाळेच्या भिंती यांनी तीच वाट पुढे नेली. एकदा एक चेहरा पुरेशा भिंतींवर लागला की तोच खरा वाटायला लागतो. १९९६ मध्ये टपाल तिकीटही निघालं.

तिसरा टप्पा, पडदा. नचिकेत पटवर्धन यांचा ‘देवी अहिल्याबाई’ हा सिनेमा २००२ चा. त्यात मल्हाररावांचं काम नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांनी केलं होतं. पण घराघरात पोचली ती सोनी टीव्हीवर जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेली ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ ही हिंदी मालिका. लॉकडाउननंतरच्या त्या काळात अनेक मुलांना लहान अहिल्येचा चेहरा म्हणून अदिती जलतारेचाच चेहरा आठवतो.

चौथा टप्पा, नाव. इंदूरचा विमानतळ आणि विद्यापीठ आधीच त्यांच्या नावाने होते. सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये नाव मिळालं. २०२३ च्या जयंतीला चौंडीत घोषणा झाली आणि २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. आधीचं नाव पंधराव्या शतकाच्या अखेरीस शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाचं. बोलताना लोक आजही नुसतं ‘नगर’ म्हणतात, आणि तेवढा भाग दोन्ही नावांत सारखाच आहे.

एआयला अहिल्याबाई ‘कळतात’ का?

पाचवा टप्पा आपल्या हातातला. फोटो बनवणाऱ्या एआय ॲपमध्ये अहिल्याबाईंचं नाव टाकलं की काही सेकंदांत चित्र येतं. ते कसं? अशा मॉडेलला कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्याखालचे शब्द दाखवून शिकवलेलं असतं. कुठल्या शब्दाबरोबर काय दिसतं, एवढंच ते शिकतं. मग ते रंगांच्या निव्वळ गोंधळापासून सुरुवात करतं आणि पायरीपायरीने त्या शब्दाला शोभेल असं चित्र काढत नेतं. त्याच्याकडे महेश्वरची कागदपत्रं नाहीत, असलीच तर कॅलेंडरं आणि सीरियलचे स्क्रीनशॉट आहेत. म्हणून येणारं चित्र हे आधीच्या सगळ्या कल्पनांची सरासरी असतं. ते अपलोड होतं, पुढच्या मॉडेलच्या शिकवणीत जाऊ शकतं, आणि सरासरी आणखी घट्ट होते.

यात काय हरवतं ते पाहा. माल्कमला लोकांनी सांगितलेलं वर्णन असं: मध्यम उंची, अगदी सडपातळ, सावळा वर्ण, रूपाने फार देखण्या नाहीत, पण चेहऱ्यावर चांगुलपणा. विधवा झाल्यावर पांढरे कपडे, आणि गळ्यात एक छोटी माळ सोडली तर दागिना नाही. स्वतःच्या रूपाचा अभिमान असलेल्या राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी म्हणे मुद्दाम दासी पाठवून अहिल्याबाई दिसतात कशा याची चौकशी केली. दासीने येऊन सांगितलं की नाकी-डोळी सुंदर नाहीत, पण चेहऱ्यावर तेज आहे.

आता तुमच्या गॅलरीतली चित्रं उघडा. गोरापान रंग, मोठे डोळे, धारदार नाक, अनेकदा भरपूर दागिने. जामखेड-कर्जतच्या उन्हात वाढलेली एखादी सावळी मुलगी ते चित्र बघते तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम कळतात. एक, आपल्यातली बाई राज्य करू शकते. दोन, पण त्यासाठी बहुतेक गोरं असावं लागतं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी फिल्टरने घातली आहे, आणि ती कुणी मोठ्याने बोलून दाखवत नाही म्हणून जास्त खोल जाते.

आपण चित्र बघतो, की चित्र आपल्याला घडवतं?

जमैकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये काम केलेले अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये टीव्हीबद्दल एक मुद्दा मांडला, तो इथे कामाला येतो. कार्यक्रम बनवणारा त्यात एक अर्थ भरतो, पण बघणारा तो जसाच्या तसा घेईलच असं नाही. कुणी पूर्ण मान्य करतो, कुणी काही घेतो आणि काही सोडतो, कुणी उलटाच अर्थ काढतो. आणि काय घ्यायचं हे बघणारा कुठे उभा आहे यावर अवलंबून असतं.

पुण्यश्लोक राणीची तीच मालिका वेगवेगळ्या घरांत बघितली जाते असं समजा. आजीला त्यात देवभोळी, सोसणारी बाई दिसेल. धनगर समाजातल्या कॉलेजच्या पोराला दिसेल की आपली माणसं फक्त मेंढरांमागे नव्हती, गादीवरही होती. पाठ्यपुस्तकात आणि सिनेमात धनगर म्हटलं की घोंगडी, काठी आणि भोळेपणा एवढंच बघत आलेल्या पोरासाठी हे छोटं नाही. दरवर्षी चौंडीला जमणारी गर्दी आणि तो पिवळा रंग या गरजेतूनही आलेला आहे. आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या त्याच्या बहिणीला कदाचित दिसेल दरबारात बसून फाइल निकाली काढणारी अधिकारी. तिघांचंही चुकत नाही. आपापल्या आयुष्याला जो तुकडा लागतो तो प्रत्येकाने उचलला.

अडचण वेगळी आहे. आजी, नातू आणि नात जोवर एकाच खोलीत बसून मालिका बघत होते, तोवर त्यांचे तुकडे एकमेकांना भेटत होते, वाद होत होता. फीड तसं करत नाही. तुम्ही तलवारवाली रील दोनदा पूर्ण बघितली की तिसरी, चौथी, दहावी तशीच येते. मंदिराची बघितली की मंदिरंच येतात. थोड्या दिवसांत प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळी अहिल्याबाई तयार होते आणि प्रत्येकाला वाटतं की हीच पूर्ण आहे. मग कुणी दुसरा तुकडा दाखवला तर तो माहिती देतोय असं न वाटता आपल्यावरच हल्ला करतोय असं वाटतं, कारण आपण त्या तुकड्यावर स्वतःचं ‘मी’ उभं केलेलं असतं. जयंतीच्या दिवशी कमेंटमध्ये होणारी भांडणं बरीचशी इथून सुरू होतात.

पुढच्या वेळी स्टेटस ठेवताना

स्टेटस ठेवू नका असं कुणी म्हणत नाही. ठेवाच. फक्त त्याआधी दोन मिनिटं द्या.

एक, चित्र गूगल लेन्समध्ये टाकून बघा. ते पेंटिंग आहे, मालिकेतलं आहे, की एआयने केलंय, याचा अंदाज बऱ्याचदा लगेच येतो. बोटं, नऊवारीचा काष्टा, मागच्या देवळावरची अक्षरं, इथे एआय अजूनही गडबडतं.

दोन, चित्राखाली ‘काल्पनिक चित्र’ असं लिहा. त्याने आदर कमी होत नाही. स्तुतीचा ग्रंथ नदीत टाकणाऱ्या बाईला ते आवडलंच असतं, असं म्हणायला जागा आहे.

तीन, चित्राबरोबर एक खरी, कमी माहीत असलेली गोष्ट जोडा. तोफांच्या सूचना देणारं पत्र, सावकाराच्या विधवेचा निकाल, रात्री नऊ ते अकराचं काम. तुमच्या ग्रुपवरची एखादी मुलगी त्यातला आपल्याला लागणारा तुकडा उचलेल.

आणि चार, फीडला थोडं फसवा. नेहमीची रील सोडून एकदा महेश्वरचा वाडा सर्च करा, महेश्वरी साडीच्या मागावरचे व्हिडिओ बघा, त्या काळातल्या नाण्यांचे फोटो शोधा. जमलं तर चौंडीला जयंतीच्या गर्दीचा दिवस सोडून एखाद्या साध्या दुपारी जाऊन या. गाव शांत असतं आणि फोनला रेंज असली तरी तो खिशात ठेवता येतो.